पुढे कोण बसणार

परीक्षेच्या दिवशी सकाळी तालायच्या खिशात एक बोल्ट उरला होता. आदल्या दिवशी गाडी शेवटची खोलली, पुसली, पुन्हा जोडली, सगळं जागच्या जागी गेलं आणि हा बोटाच्या पेराएवढा बोल्ट तेवढा फरशीवर राहिला. त्याची जागा काही सापडेना. तेव्हापासून तालाय त्याला खिशात घेऊन फिरत होता, आणि आता चहा पितानाही त्याचा एक हात खिशातच होता.

"खिशात उंदीर पाळलायस का?" बुरुल अपाने, म्हणजे त्याच्या आईने, विचारलं.

"बोल्ट आहे, अपा. कुठला ते कळत नाहीये."

"चार वर्षं ती गाडी करतोयस आणि बोल्ट कुठला ते कळत नाही! मी पाच पोरं वाढवली, एकाचाही कान माझ्या खिशात उरला नाही कधी."

तालायची बायको चिनारा शेगडीपाशी बोरसोक तळत होती. कणकेचे ते फुगरे तुकडे कढईत उलटताना तिला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं. गाडीचं सगळं अंग तिनेच घडवलेलं होतं, घाबरायचा हक्क तिलाही होता. पण घरात एकाच माणसाने घाबरावं. दोघांनी घाबरायचं ठरवलं तर कढईकडे कोण बघणार?

नारिन म्हणजे एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे सुतळीसारखं लांब पडलेलं गाव. रस्ता म्हणावा असा एकच. वरच्या टोकाला राहणाऱ्याचं काम नेमकं खालच्या टोकाला निघतं, आणि मिनीबस चेंगरून भरल्याशिवाय तिचा ड्रायव्हर ढिम्म हलत नाही. म्हणून तालायने चांगली नोकरी सोडून ही गाडी काढली. पुढे दोन चाकं, मागे एक, आत दोन माणसं एकामागे एक. वाऱ्याला जेवढं अंग कमी दाखवाल तेवढं पेट्रोल कमी जळतं, एवढंच त्याचं शास्त्र. म्हणून गाडी अरुंद, छप्पर बुटकं, आणि दोन बाजूंची दोन दारं पाखराच्या पंखांसारखी वर उघडणारी. नाव ठेवलं 'कार्लिगाच', पाकोळी. बाजारातली माणसं तिला 'तीन पायांचं मेंढरू' म्हणत. मेंढराच्या गळ्यात दोरी घालता येते, लोकांच्या जिभेला कुठून घालणार!

आज राजधानीतून परीक्षक बाई येणार होत्या. मोजून एक लिटर पेट्रोल, गाडीत दोन मोठी माणसं, वरच्या टोकाच्या शेडपासून खालच्या टोकाच्या मेंढीबाजारापर्यंत जायचं आणि परत शेडच्या फाटकात यायचं. वाटेत कुणी ढकलायचं नाही. आली तर परवाना. नाही आली तर परवानाही नाही आणि शेडही नाही. गाडी जिथे जोडली ती नगरपालिकेची जुनी लोकर धुण्याची शेड मग लग्नाच्या हॉलवाल्याला जाणार होती. तो हॉलवाला दोनदा येऊन नवरा-नवरी कुठे बसतील ते टेपने मोजून गेला होता. टेप गाडीच्या टपावरूनच नेली मेल्याने.

"वारा सुटायच्या आत परत यायला हवं," चिनारा म्हणाली. दुपार कलली की या खोऱ्यात खालून वर असा वारा सुटतो, की आपलं धुणं शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन वाळतं. "जाताना तो समोरून भेटला तर पेट्रोल तिथेच संपलं समजा. माझा आत्येभाऊ येईलच आता मागे बसायला. हलका आहे, आणि बोलतही नाही."

"त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलंय मी," बुरुल अपा म्हणाली.

तालायचा चहाचा वाडगा हवेतच थांबला.

"नव्या गाडीत पहिला कोण बसणार? तो काटकुळा मास्तर? लोक म्हणतील, बुरुलच्या घरात दुवा द्यायला कुणी मोठं माणूसच नव्हतं. मी माझ्या भावाला बोलावलंय."

"शारशेन ताकेला?" तालायचा आवाज चिरकला. ताके म्हणजे मामा, आणि शारशेन ताके म्हणजे सगळ्या मामांचा मामा.

"मग कोणाला? आईचा भाऊ म्हणजे घराचा खांब."

"अपा," चिनारा हळूच म्हणाली, "खांबाचं वजन किती असतं, विचार केलात का?"

"तू कढईकडे बघ."

खांब आला तो घोड्यावरून, पुढ्यात जिवंत मेंढा आडवा टाकून. तो उतरला तेव्हा घोड्याने सुस्कारा सोडला. शारशेन ताकेला दारातून आत यायचं तर एक खांदा आधी पाठवावा लागे आणि दुसरा मागून बोलावून घ्यावा लागे. डोक्यावर पांढऱ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, वर निमुळती होत गेलेली हातभर उंच टोपी. कल्पाक. ती त्याच्या डोक्यावरून उतरलेली गावात कुणी पाहिली नव्हती. बायकोने पाहिली असेल, पण तिने कधी चारचौघांत कबूल केलं नाही.

आता, मोठं माणूस घरी आल्यावर त्याला 'चला, उशीर होतोय' म्हणता येत नाही. चहा झाला. नान तोडून झाला. कोण गेलं, कोणाची घोडी व्याली, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं झालं. तालाय खिडकीतून समोरच्या पॉप्लरच्या झाडाकडे बघत होता. पानं अजून हलत नव्हती. मग एक हललं. त्याने बोल्ट घट्ट धरला.

अखेर सगळे शेडमध्ये आले. शारशेन ताकेने गाडीभोवती एक फेरी मारली.

"चौथं चाक कुठाय?"

"तीनच आहेत, ताके. चाकं कमी तर घासणं कमी, घासणं कमी तर पेट्रोल कमी."

"मग एकच लावायचं होतंस." त्याने आत डोकावून बघितलं. "मी कुठे बसायचं?"

"ही मागची जागा, ताके. पाय पसरायला ऐसपैस आहे."

"आणि पुढे कोण बसणार?"

"पुढे मी. चालवणारा."

बाहेर बांधलेला मेंढा ओरडायचा थांबला.

"म्हणजे," शारशेन ताके सावकाश म्हणाला, "मी माझ्या भाच्याची पाठ बघत सगळ्या गावातून जायचं. मयतीला गेलो तरी लोक मला दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी बसवतात. आणि तू मला तुझ्या पाठीमागे घालणार? लोक म्हणतील, बाजारातून पोतं आणलंय."

चिनाराने तालायकडे बघितलं, तालायने चिनाराकडे. चार वर्षांत वाऱ्याचा विचार झाला होता, वजनाचा झाला होता, चाकाचा, गिअरचा, काचेच्या उताराचा झाला होता. पाठीचा विचार कुणी केला नव्हता. शिकलेली माणसं अशीच. सगळं मोजतात, आणि माणूस कुठे बसणार ते विसरतात.

तेवढ्यात शारशेन ताकेने आधी एक खांदा, मग दुसरा असं करत स्वतःला पुढच्या जागेवर बसवलंही. स्टेअरिंग पोटाला टेकलं. झालं. एकदा बसलेल्या मोठ्या माणसाला 'ऊठ' म्हणण्यापेक्षा नदीत उडी मारणं सोपं.

आणि फाटकाशी पांढरी मोटार थांबली.

परीक्षक दामिरा असानोवना बारीक चणीच्या होत्या, नाकावर चष्मा. पहिला नियम नीट ठेवल्याशिवाय दुसरं पाऊल न टाकणारी बाई. घाटात बर्फ पडायच्या आत त्यांना परत जायचं होतं, त्यामुळे चहा नको म्हणाल्या. बुरुल अपाने तेवढ्यावरूनच त्यांना पारखून बाजूला ठेवलं.

"चालवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी..." तालायने तोंड उघडलं.

"पुढे बसलाय तो काय वाटाणे सोलतोय?" बुरुल अपा म्हणाली. "माझा भाऊ चालवणार."

"अपा!"

"गप रे. सामुदायिक शेतीच्या दिवसांत ब्रिगेडचा ट्रॅक्टर चालवायचा तो."

"तोच ना," चिनारा पुटपुटली, "नदीत गेलेला?"

"निघाला ना बाहेर? काढणाऱ्याने काढला."

शारशेन ताकेला अचानक खोकला आला.

"बाई, माझ्याकडे मोटारीचं लायसन्स आहे," तालाय काकुळतीला आला. "मीच चालवतो. ताके मागे, नाहीतर कुणीतरी दुसरं..."

"मोटारीचं?" दामिरा असानोवनांनी गाडीची चाकं मोजली. "चार चाकं नाहीत, म्हणजे मोटार नाही. डोक्यावर छप्पर आहे, म्हणजे मोटारसायकल नाही. मग नियमाने ही 'इतर स्वयंचलित यंत्रां'त जाते. कापणीचं यंत्र, रस्त्यावरचा रोलर, ही. त्याला ट्रॅक्टरचं लायसन्स लागतं. आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"आजोबांकडे?"

शारशेन ताकेने झग्यात हात घातला, तंबाखूची पिशवी काढली, तंबाखूच्या खालून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं, फुंकलं आणि पुढे केलं. बाईंनी ते उलटसुलट बघितलं. "यावर मुदत लिहिलेली नाही. लिहिलेली नाही म्हणजे संपलेली नाही. इथे हजर असलेल्यांत हेच चालवू शकतात. तुम्ही मागे बसा."

"ऐकलंस?" शारशेन ताके म्हणाला. "सरकारलाही कळतं कोणी कुठे बसायचं."

तालाय मागे बसला. चिनाराने दार खाली ओढलं आणि ते कल्पाकावर आपटून परत वर गेलं.

"टोपी जरा मांडीवर घेतली तर..." असं तिच्या तोंडून निघालं मात्र, बुरुल अपाने, शारशेन ताकेने आणि खुद्द राजधानीच्या बाईंनीही तिच्याकडे असं बघितलं, की पुढचे शब्द तिने परत आत घेतले. मुकाट्याने पाना आणला, छपरातलं हवेसाठी ठेवलेलं गोल झाकण काढलं. दार लागलं. कल्पाकाचा शेंडा भोकातून बाहेर आला आणि तंबूच्या धुराड्यासारखा वर उभा राहिला.

तालायने डोळे मिटले. वारा अडू नये म्हणून त्याने आरशांचे कान दोनदा तासले होते. दारांच्या मुठी आत दाबल्या होत्या. चिनाराने छपराला मेणासारखा गुळगुळीत हात दिला होता. आणि आता त्या सगळ्यावर हातभर नमदा.

टाकी रिकामी केली, बाईंनी स्वतः एक लिटर ओतलं. शारशेन ताकेने तळवे उघडून दुवा दिली, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे काय?"

"ते गती वाढवायचं, ताके. आणि हा ब्रेक. ब्रेक आधी लक्षात ठेवा. ब्रेक, ताके."

"घोड्याला एवढं काही नसतं," ताके म्हणाला आणि पाय दाबून ओरडला, "चू!"

कार्लिगाच फाटकातून उडालीच.

मागच्या जागेवरून तालायला रस्ता दिसत नव्हता. पेट्रोलचा काटा दिसत नव्हता. दिसत होती फक्त पाठ. एवढी मोठी पाठ त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. इंजिनाच्या आवाजावरून पेट्रोल किती गेलं असेल याचा अंदाज तो घेत बसला, आणि प्रत्येक अंदाज आधीच्याहून वाईट निघत गेला.

पहिलं वळण गेलं आणि गाडी थांबली.

"काय झालं? ताके, काय झालं?"

"काही नाही. पलीकडे अब्दिश उभा आहे."

ओळखीचा म्हातारा रस्त्यात दिसला आणि घोड्यावरून तसाच पुढे गेला, असा माणूस नारिनमध्ये अजून जन्माला आलेला नाही. शारशेन ताकेने खिडकीतून हात बाहेर काढून अब्दिशचे दोन्ही हात धरले. गुरं कशी आहेत, पोरं कशी आहेत, हिवाळ्याचं गवत भरलं का. इंजिन घुरघुरत होतं.

"ताके, निदान इंजिन तरी बंद करा."

"दोन शब्द बोलायला कुणी खोगीर उतरवतं का रे?"

अब्दिशनंतर सुताराचा बाप भेटला. सुताराच्या बापानंतर हज करून आलेला चुलता. त्याच्याकडे तर खाली उतरायलाच हवं होतं, पण खांदे आधी काढू की पोट, हे न ठरल्याने ताकेने बसूनच मान लववली. मागून पांढऱ्या मोटारीत दामिरा असानोवना येत होत्या. गाडी थांबली की त्यांचीही मोटार थांबायची, आणि मोटार थांबली की कुठल्यातरी दारातून कुणीतरी नान घेऊन यायचं. समोर नान आला की तुकडा मोडून तोंडात घातल्याशिवाय जाता येत नाही, मग ती राजधानीची बाई का असेना. घाई होती त्यांना, पण तोंड भरलेलं असल्यामुळे त्या काही बोलू शकत नव्हत्या.

पुलाजवळ आले आणि तालायच्या डोक्यावर कुणीतरी शीळ वाजवली. वारा. समोरून येत होता, कल्पाकाभोवतीच्या फटीतून आत शिरत होता आणि वाजत होता. गाडीची चाल जड झाली, इंजिन कण्हायला लागलं.

"गाते की रे तुझी गाडी!" ताके खूश होऊन म्हणाला.

डोळ्यांसमोर तालायला शेडमध्ये स्टेजवर बसलेले नवरा-नवरी दिसत होते. नवरा हसत होता.

मेंढीबाजारात पोचल्यावर कळलं, की वळायला जागाच नाही. जिकडेतिकडे मेंढरं, मेंढरांना धरलेली माणसं आणि माणसांना धरलेले दलाल. गाडीला मागे जायचा गिअर नव्हता. वजन वाचवायला तालायनेच तो काढून टाकला होता.

"तीन पायांचं मेंढरू आलं रे!" कुणीतरी ओरडलं. "वजनावर देणार की नगावर?"

"तुझ्या मेंढरांना छप्पर तरी आहे का?" शारशेन ताके आतून गरजला.

"अरे, हा तर शारशेन! पुढे बसलायस? चालवतोयस? आणि मागे कोण?"

"भाचा."

"तो शिकलेला?"

"शिकलाय म्हणून तर मागे बसलाय."

म्हातारे गोळा झाले. हसले, पण थोडंसंच. मग गाडीभोवती फिरले. एकाने छपरातून आलेल्या कल्पाकाला बोट लावून बघितलं. दुसऱ्याने वाकून मागच्या जागेवरच्या तालायकडे असं बघितलं, जसं कुणी पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे बघतं. मग सगळ्यांनी मिळून गाडी उचलली आणि तोंड फिरवून ठेवली.

दामिरा असानोवना खिडकीतून बाहेर वाकल्या. नानाचा घास गिळून म्हणाल्या, "उचलली की ढकलली?"

"उचलली, उचलली!"

"ढकलायला बंदी आहे. चला."

परतीची वाट चढणीची, पण वारा आता पाठीशी होता. तालायच्या मनात आशा नावाची गोष्ट पहिल्यांदा डोकावली. लगेच त्याला आपलाच राग आला, कारण आशा आली की मागून काहीतरी येतंच. खाली जाताना ज्यांना भेटून झालं होतं त्यांना आता नुसता हात दाखवून चालत होतं. मात्र अब्दिशने मधल्या वेळात घरून भाऊ बोलावून आणला होता. त्याला भेटणं आलंच.

शेवटच्या चढावर शेडचं फाटक दिसायला लागलं. फाटकात बुरुल अपा कमरेवर हात ठेवून उभी, शेजारी चिनारा, आणि चिनाराच्या शेजारी हातात टेप घेतलेला हॉलवाला. मेल्याला कोणी बोलावलं नव्हतं. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग त्याने एक लांब श्वास सोडला आणि ते गप्प झालं.

शारशेन ताकेने ब्रेकवर पाय ठेवला. फाटक एवढं जवळ होतं, की हॉलवाल्याचे सोन्याचे दात दिसत होते.

"चू," ताके म्हणाला.

गाडी हलली नाही.

"चू!"

"ताके," तालायचा आवाज तळघरातून आल्यासारखा आला, "पेट्रोल संपलं. सगळंच संपलं."

शारशेन ताकेचे कान लाल झाले. मागून तालायला तेवढेच दिसत होते. "माझं जनावर आजवर कधी दारात येऊन बसलं नाही," तो म्हणाला. "मी उतरतो. बहिणीला तोंड कसं दाखवू?" आणि त्याने रागारागाने दार वर लोटलं.

ते दार अर्ध्यात अडायला हवं होतं. अडलं नाही. कड्कन आवाज करून ते सरळ आभाळाकडे गेलं आणि उभं राहिलं, आणि खिशातला बोल्ट कुठला ते तालायला त्या क्षणी कळलं.

वाऱ्याला एवढं मोठं दार कोण देतं? तो धावतच आला. उघड्या दारावर आदळला, ताकेच्या झग्यात शिरला, झगा तंबूसारखा फुगला. उतरायच्या गडबडीत ताकेचा पाय ब्रेकवरून निघाला होता. गाडी डुगडुगली आणि पुढे सरकली.

"ताके, उतरू नका!" तालाय किंचाळला. "बसा! स्टेअरिंग धरा!" आणि त्याने दुसरं दारही खांद्याने वर लोटून धरलं. त्याच्या जन्माची सगळी विद्या वारा चुकवायची, आणि आता तो दोन्ही हातांनी वारा गोळा करत होता.

दोन्ही पंख पसरून, मधे पांढरा शेंडा उभारून, इंजिनाचा हूं की चूं न करता कार्लिगाच चढ चढली. हळूहळू. म्हातारी जिना चढते तशी. हॉलवाला वाटेत टेप पसरून उभा होता. त्याला वाटलं, थांबेल. थांबली नाही. त्याने टेप टाकून उडी मारली. गाडी फाटकातून आत आली आणि बांधलेल्या मेंढ्याच्या नाकाला नाक लावून थांबली, कारण बुरुल अपा ओरडली होती, "पाय, दादा! उजवा पाय! तो नाही, दुसरा उजवा!"

दामिरा असानोवना मोटारीतून उतरल्या. अंगावरचा नानाचा चुरा झटकला. "इंजिन बंद पडलं होतं. मग कुणी ढकललं?"

तालायला खोटं बोलता येत असतं तर तो एव्हाना नगरपालिकेत असता. "वाऱ्याने," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फार वेळ लावला. तेवढ्या वेळात चिनाराने स्वतःची ओढणी दातांनी कुरतडून टाकली.

"जाताना तो समोरून होता, तेव्हा मी तुम्हाला काही सूट दिली नव्हती," त्या म्हणाल्या. "मग येताना तरी कशाला वजा करू? वाऱ्याबद्दल नियमात काही नाही. गाडी पास." आणि बुरुल अपाने पुढे केलेले बोरसोक त्यांनी या वेळी ओंजळभर घेतले. मोटारीत बसता बसता म्हणाल्या, "मात्र परवाना 'इतर यंत्रां'चा. चालवणाऱ्याकडे ट्रॅक्टरचं लायसन्स हवंच. हवं म्हणजे हवंच."

मोटार धूळ उडवत घाटाकडे गेली. मेंढा त्या दिवशी कापला, सगळे पोटभर जेवले, शारशेन ताकेने आपण चढ कसा जिंकला ते तीनदा सांगितलं आणि तो घोड्यावर बसून घरी गेला. घोड्याने पुन्हा सुस्कारा सोडला. तालायचा आनंद मात्र मटणाच्या रश्श्याबरोबरच निवला.

"ट्रॅक्टरचं लायसन्स," तो चिनाराला म्हणाला. "नर्सकडे आहे? मास्तरांकडे? बँकेतल्या पोरींकडे? ज्यांच्यासाठी केली त्यांच्यातला एकही चालवू शकत नाही. तू नाही, मीही नाही. विकायची कुणाला?"

चिनारा त्याच्याकडून बोल्ट घेऊन तो दाराच्या बिजागरीत बसवायला निघाली होती. मग तिने जरा विचार केला आणि तो परत नवऱ्याच्या खिशात टाकला. "राहू दे. असू दे एखादा पंख मोकळा."

सकाळी फाटकाशी गलका झाला. तालायला वाटलं, हॉलवाला वकील घेऊन आला. बाहेर जाऊन बघतो तर कल्पाकच कल्पाक. मेंढीबाजारातले म्हातारे, अब्दिश, अब्दिशचा भाऊ, सुताराचा बाप. प्रत्येकाच्या हातात तंबाखूच्या वासाचं, पिवळं पडलेलं एकेक कार्ड. सामुदायिक शेती गेली, ट्रॅक्टर भंगारात गेले, पण कार्डावर मुदत कुणाच्याच लिहिलेली नव्हती.

"मला ते टोपीचं भोक पाहिजे," अब्दिश म्हणाला. "भोक नसेल तर गाडी नको."

"आणि मुलगा मागेच बसेल ना?" सुताराच्या बापाने खालच्या आवाजात विचारलं. "पुढे यायची काही सोय नाही ना? नक्की? तीस वर्षं मी त्याच्या मोटारीत गप्प बसतोय."

चिनाराने हॉलवाल्याने टाकून दिलेली टेप उचलली आणि एकेका कल्पाकाचं माप घ्यायला सुरुवात केली.

"पण आधी आम्हाला चालवून दाखवा," अब्दिश अडून बसला. "काल ती वाऱ्यावर आली म्हणतात. इंजिनावर चालते का ते बघू दे."

तालायने डोकं धरलं. ताके घरी गेलेला. "तुमच्यापैकीच कुणीतरी..." असं तो म्हणाला मात्र, पहिला कोण यावरून सगळे म्हातारे एकमेकांचे झगे धरायला लागले.

तेवढ्यात बुरुल अपाने एप्रन सोडला, डोक्याचा रुमाल मागे घट्ट बांधला, म्हाताऱ्यांमधून वाट काढत आली आणि पुढच्या जागेवर बसली.

"अपा," तालाय घाईने म्हणाला, "लायसन्स लागतं. ट्रॅक्टरचं."

सगळे म्हातारे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"तुझ्या मामाचा ट्रॅक्टर नदीतून काय माशांनी काढला होता?" बुरुल अपा म्हणाली. "दुसऱ्या ट्रॅक्टरवर कोण होतं, विचार यांना. सांगणार नाहीत." तिने ब्रेक दाबून बघितला, गिअर टाकला, आरसा स्वतःपुरता फिरवून घेतला. छप्पर तिच्या डोक्यावर बरोबर बसलं होतं, एक बोटही कमी नाही की जास्त नाही. भोकाची काही गरजच नव्हती.

"बघत काय उभा राहिलास? मागे बस," ती म्हणाली. "आणि तो खिशातला हात बाहेर काढ."